सर्किटची पीडीएफ काढताना चुकतं कुठे? किकॅडपासून कागदापर्यंत, टप्प्याटप्प्याने

गेल्या पावसाळ्यात चोपड्याच्या बाजूला एका केळीच्या मळ्यात आमचा पंप-कंट्रोलर बसवायला गेलेल्या वायरमनचा रात्री फोन आला. "भाऊ, आठे काहीच दिखत नही." त्याच्या हातातल्या कागदावर उजव्या कडेची दोन बोटांची पट्टी कापली गेली होती, आणि सगळे टर्मिनल नंबर नेमके त्या पट्टीत होते. त्याने अंदाजाने जोडलं. ड्राय-रनच्या (पाणी नसताना मोटर बंद ठेवणाऱ्या) वायरी फ्लोट स्विचच्या (पाण्याची पातळी बघणाऱ्या स्विचच्या) टर्मिनलवर गेल्या, मोटर काही उचलली नाही आणि त्या रात्रीची थ्री-फेज लाइट वाया गेली. स्किमॅटिक, म्हणजे सर्किटचं ड्रॉइंग, बरोबर होतं, बोर्डही बरोबर होता. चुकली होती ती मी घाईत काढलेली पीडीएफ.

तेव्हापासून मी पीडीएफ एका ठरलेल्या क्रमानेच काढतो. जळगाव-धुळ्याकडचे पॅनेल बनवणारे आणि फायनल इयरची मुलं माझ्याकडे ज्या पीडीएफ घेऊन येतात, त्यांतही बहुतेक वेळा याच क्रमातली एखादी पायरी सुटलेली असते. खालची माहिती किकॅड या सर्किट काढायच्या सॉफ्टवेअरच्या ७ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांसाठी आहे. दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर तुमच्यासाठी शेवटाकडे एक छोटा भाग दिलाय, पण पहिले दोन टप्पे तुम्हालाही लागू पडतात, फक्त मेनूंची नावं वेगळी असतील.

टप्पा १ : कागद आधी ठरवा

एक्सपोर्टचं बटण दाबायच्या आधी, खरं तर ड्रॉइंग सुरू करायच्याही आधी, एक गोष्ट ठरवा: हे शेवटी कोणत्या कागदावर छापलं जाणार आहे? मॉनिटरवर झूम करता येतं. पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदाला झूम नसतो, आणि तो बॅटरीच्या उजेडात वाचला जातो. तालुक्याच्या गावात झेरॉक्सच्या दुकानात ए४ हमखास मिळतो. ए३ मिळेलच असं नाही, आणि ए२ तर विसराच.

आता हिशोब बघा. ए३ कागद २९७ × ४२० मिमी, ए४ कागद २१० × २९७ मिमी. ए३ वरचं ड्रॉइंग ए४ वर बसवलं की सगळं साधारण ७१ टक्के होतं, आणि ए२ वरचं बसवलं की निम्मं. किकॅडमध्ये अक्षरांची मूळ उंची ५० मिल, म्हणजे १.२७ मिमी असते. ए३ वरून ए४ वर ती ०.९ मिमी होते आणि ए२ वरून आणली तर ०.६३ मिमी. इतक्या बारीक अक्षरात ८ आणि ६ यांतला फरक चष्मा लावूनही कळत नाही.

रेघांची गोष्ट त्याहून वाईट. वायरची मूळ जाडी ६ मिल, म्हणजे ०.१५ मिमी. ए२ चं ए४ केलं की ती ०.०७६ मिमी उरते. ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) प्रिंटरचा एक ठिपकाच ०.०८५ मिमीचा असतो. म्हणजे तुमची वायर प्रिंटरच्या एका ठिपक्यापेक्षाही बारीक झाली. मग ती कुठे उमटते, कुठे तुटते. तुटलेली रेघ बघून वायरमन तिथे कनेक्शन नाही असंच समजणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

यावर दोन उपाय आहेत. मला पहिला पटतो: मोठं ड्रॉइंग तोडून ए४ च्या वेगवेगळ्या शीट करा. पॉवर सप्लाय एका पानावर, मायक्रोकंट्रोलर दुसऱ्या पानावर, रिले आणि टर्मिनल तिसऱ्या पानावर. जाग्यावर काम करणाऱ्याला बहुतेक वेळा ते तिसरं पानच लागतं. दुसरा उपाय, ड्रॉइंग ए३ वरच ठेवायचं असेल तर अक्षरं १.८ मिमीची करा. ए४ वर आल्यावर ती पुन्हा १.२७ च्या आसपास येतात. एकेक अक्षर धरून बदलत बसू नका. एडिट मेनूमध्ये 'एडिट टेक्स्ट अँड ग्राफिक्स प्रॉपर्टीज' आहे, तिथून सगळी एकदम बदलतात. वायरची जाडी स्किमॅटिक सेटअपमधल्या नेट क्लासेसमध्ये वाढवा.

तपासणी: कागदावर सगळ्यात बारीक अक्षर किती मिमीचं येणार, ते गुणाकार करून काढा. १.२ मिमीच्या खाली गेलं तर मी पुढच्या टप्प्यावर जात नाही.

टप्पा २ : फाइल तयार करा

पीडीएफ ही स्किमॅटिकचा फोटो असते. स्किमॅटिकमध्ये राहिलेली चूक फोटोत येणारच. म्हणून आधी हे करून घ्या, याच क्रमाने.

१. फाइल नेहमी प्रोजेक्टमधून उघडा. फोल्डरमधल्या एखाद्या सब-शीटवर थेट डबल-क्लिक करून ती एकटीच उघडली, तर कंपोनंटचे नंबर चुकीचे दिसतात किंवा नंबराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. 'घरी बरोबर होतं, कॉलेजच्या पीसीवर आर? दिसतंय' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच निघते. व्हॉट्सअ‍ॅपवर एकटी शीट पाठवलेली असते. पूर्ण प्रोजेक्ट फोल्डर झिप करून पाठवा.

२. टूल्समधून अ‍ॅनोटेट करून घ्या, म्हणजे प्रत्येक रेझिस्टर-कपॅसिटरला नंबर मिळेल.

३. इन्स्पेक्टमधून ईआरसी, म्हणजे जोडणीतल्या चुकांची तपासणी, चालवा. सगळ्या वॉर्निंग शून्यावर आणायलाच हव्यात असं नाही, पण 'न जोडलेली पिन' आणि 'लोंबकळती वायर' या दोन प्रकारच्या प्रत्येक ओळीवर क्लिक करून बघा.

४. कंट्रोल आणि होम एकत्र दाबा. त्याने ड्रॉइंगमधल्या सगळ्या वस्तू दिसतील एवढा झूम होतो. चौकटीच्या बाहेर एखादं सिम्बॉल, टीप किंवा कनेक्टर पडलेला असेल तर तो इथे सापडतो. चौकटीबाहेरची वस्तू मॉनिटरवर छान दिसते, पण पीडीएफच्या पानात येत नाही. ही तपासणी दहा सेकंदांची आहे आणि चोपड्याच्या त्या प्रसंगानंतर मी ती कधीच सोडलेली नाही.

५. फाइल > पेज सेटिंग्जमध्ये जाऊन कागदाचा आकार, शीर्षक, तारीख आणि रिव्हिजन (ड्रॉइंगची कितवी सुधारित प्रत) भरा. प्रत्येक खान्यासमोर 'एक्सपोर्ट टू अदर शीट्स' असा चौकोन असतो. त्यावर टिक केली नाही तर रिव्हिजन फक्त त्याच पानावर बदलते आणि बाकीची पानं जुनीच राहतात. पहिल्या पानावर रिव्हिजन ३, टर्मिनलच्या पानावर रिव्हिजन २ अशी पीडीएफ हातात पडली तर समोरच्याने कोणत्या पानावर विश्वास ठेवायचा? इश्यू डेटही आपोआप बदलत नाही, शेजारच्या बटणाने आजची तारीख घ्यावी लागते.

६. आता सेव्ह करा. प्लॉट (पीडीएफ काढायची किकॅडची सोय, टप्पा ३ बघा) हा मेमरीत उघडलेल्या ड्रॉइंगचा निघतो, सेव्ह केलेल्या फाइलचा नव्हे. बदल करून पीडीएफ काढली आणि सेव्ह न करता बंद केलं, तर पीडीएफ पुढची आणि फाइल मागची. सहा महिन्यांनी बोर्ड दुरुस्तीला आला की या फरकाने डोकं फिरतं.

टप्पा ३ : प्रिंट नव्हे, प्लॉट

फाइल मेनूमध्ये प्रिंट आणि प्लॉट असे दोन पर्याय आहेत. प्रिंटमध्ये जाऊन 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडणं ही मी बघितलेली सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. त्या रस्त्याने गेलं की कागदाचा आकार आणि आडवं-उभं विंडोजच्या प्रिंटर सेटिंगवर अवलंबून राहतं. प्रिंटर लेटर साइजवर असेल, म्हणजे २१६ × २७९ मिमी, तर ए४ च्या लांबीतले १८ मिमी कमी पडतात. माझी पट्टी अशीच गेली होती. प्लॉटमध्ये मधे प्रिंटर येतच नाही, फाइल थेट तयार होते. म्हणून फाइल > प्लॉट, आणि फॉरमॅट पीडीएफ.

आता त्या खिडकीतले पर्याय बघू.

पेज साइज: 'स्किमॅटिक साइज' ठेवा. याच यादीत 'ए४' आणि नुसतं 'ए' असे आणखी दोन पर्याय आहेत. नुसतं 'ए' म्हणजे अमेरिकेचा लेटर कागद. घाईत तो ए४ समजून निवडला जातो.

आउटपुट मोड: छापायला द्यायची असेल तर ब्लॅक अँड व्हाइट. रंगीत ठेवलं तर आयसीच्या चौकोनातला फिका पिवळा रंग साध्या लेझर प्रिंटरवर करड्या ठिपक्यांची जाळी होऊन उमटतो, आणि त्या जाळीत पिनची नावं हरवतात. हिरव्या वायरीही फिक्या निघतात. मी दोन पीडीएफ काढतो: मोबाइलवर बघायला रंगीत आणि कागदासाठी काळी-पांढरी.

कलर थीम: काळ्या पार्श्वभूमीची थीम वापरणाऱ्यांनी इथे जपून. पीडीएफसाठीही तीच थीम निवडली आणि पार्श्वभूमीचा रंग बंद राहिला, तर पांढरी अक्षरं पांढऱ्या कागदावर छापली जातात. पान अर्धवट कोरं दिसतं आणि फाइल खराब झाली असं वाटतं. रंगीत पीडीएफसाठी किकॅडची मूळची थीम निवडा. 'प्लॉट बॅकग्राउंड कलर' बंदच ठेवा, नाहीतर पानभर टोनर जातो.

प्लॉट ड्रॉइंग शीट: चालू. हे बंद राहिलं तर चौकट आणि टायटल ब्लॉक (शीर्षक, तारीख, रिव्हिजनचा चौकोन) येत नाही, मग रिव्हिजनही नाही.

प्रॉपर्टी पॉपअप: कंपोनंटवर क्लिक केलं की त्याची माहिती दाखवणारी सोय. संगणकावर बघणाऱ्याला कामाची आहे, पण छापायच्या प्रतीत तिचा उपयोग शून्य. एखाद्या व्ह्यूअरमध्ये पीडीएफ विचित्र वागली तर सगळ्यात आधी हे बंद करून पुन्हा काढा.

शेवटी बटणं. खाली दोन आहेत, एक 'प्लॉट ऑल पेजेस' आणि दुसरं 'प्लॉट करंट पेज'. 'तीन शीटपैकी एकच आली' या तक्रारीचं उत्तर नव्वद वेळा इथेच असतं.

सावधान: बटण दाबल्यावर खिडकी लगेच बंद करू नका. खालच्या संदेशांच्या जागेत फाइल कुठे तयार झाली ते लिहून येतं, आणि झाली नसेल तर चूकही तिथेच दिसते. तो संदेश न वाचता जुनीच पीडीएफ पुढे पाठवून दिलेली मी अनेकदा बघितली आहे.

टप्पा ४ : फाइल तयारच होत नसेल तर

आधी बघा की तीच पीडीएफ कुठे उघडी आहे का. विंडोजवर अडोबी रीडरमध्ये उघडी असलेली फाइल दुसऱ्या प्रोग्रामला बदलता येत नाही. रीडर बंद केला तरी फोल्डरचा प्रिव्ह्यू पेन चालू असेल तर तोही कधीकधी फाइल धरून ठेवतो. पुन्हा पुन्हा पीडीएफ काढायची असेल तर सुमात्रा पीडीएफ वापरा. तो छोटा आहे, फुकट आहे, फाइल अडवून धरत नाही आणि नवी प्रत आपोआप दाखवतो.

तरी होत नसेल तर आउटपुट डिरेक्टरीचा खाना वाचा. प्रोजेक्ट दुसऱ्याच्या पीसीवरून आला असेल तर तिथे त्याच्या 'डी' ड्राइव्हचा पत्ता बसलेला असतो, आणि तुमच्याकडे ती ड्राइव्हच नसते. खाना पूर्ण पुसा आणि प्लॉट करा. फाइल प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये येईल.

त्यानेही भागलं नाही तर फोल्डर बदलून बघा. विंडोज सिक्युरिटीतलं 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' चालू असेल तर डॉक्युमेंट्समध्ये लिहायला अनोळखी प्रोग्रामला मनाई असते. वनड्राइव्हमध्ये जोडलेला फोल्डरही मधेच अडवतो. सी ड्राइव्हवर छोट्या इंग्रजी नावाचा एक साधा फोल्डर करा, प्रोजेक्ट तिथे कॉपी करा आणि प्लॉट करा. तिथे चाललं तर दोष जागेचा, ड्रॉइंगचा नाही. एकात एक दहा फोल्डर आणि प्रत्येकाला लांबलचक नाव असेल तर विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादाही आड येते. पेन ड्राइव्हवरून थेट काम करणाऱ्यांनी आधी पेन ड्राइव्ह भरला आहे का ते पाहावं.

टप्पा ५ : फाइल आली, पण बिघडलेली

चौकट बदललेली दिसते: तुम्ही स्वतःची ड्रॉइंग शीट वापरली असेल आणि तिची फाइल या पीसीवर नसेल, तर किकॅड मूळची चौकट लावतो. ड्रॉइंग शीटची फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवा आणि पेज सेटिंग्जमध्ये तिथून निवडा. पुढे कधी हरवणार नाही.

सिम्बॉलच्या जागी प्रश्नचिन्हांचे चौकोन: हा किकॅड ५ चा जुना प्रोजेक्ट असण्याची शक्यता जास्त. त्या काळी सिम्बॉल वेगळ्या कॅश फाइलमध्ये असायचे आणि ती फाइल सोबत आली नाही की चौकोन दिसायचे. ६ पासून सिम्बॉल स्किमॅटिकच्या आतच साठवले जातात. ज्याचा प्रोजेक्ट आहे त्याच्याकडून कॅश फाइल मागवा, नवीन आवृत्तीत उघडून सेव्ह करा आणि मगच पीडीएफ काढा.

मराठी अक्षरं मोडलेली: ७ पासून सिस्टीमचे फाँट वापरता येतात, त्यामुळे 'विहीर', 'फ्लोट स्विच' असं देवनागरीत लिहायचा मोह होतो. शेतकऱ्याला ते सोयीचं पडतं हेही खरं. पण पहिली वेलांटी भलत्या बाजूला गेलेली किंवा जोडाक्षर फुटलेलं दिसलं तर फाँटशी झगडण्यात दुपार घालवू नका. ड्रॉइंगवर इंग्रजी नावं ठेवा आणि टर्मिनलचा मराठी तक्ता वेगळ्या ए४ पानावर साध्या वर्ड प्रोसेसरमध्ये बनवून जोडा. मी तेच करतो.

लोगोमागे काळा चौकोन: पारदर्शक चित्राऐवजी पांढऱ्या पार्श्वभूमीचं चित्र टाका. फाइल दहा-वीस एमबीची झाली असेल तरी आधी चित्रच बघा. नुसत्या रेघांची पीडीएफ इतकी मोठी होत नाही.

रेघा मॉनिटरवर जाड-बारीक दिसतात: अडोबी रीडरच्या पेज डिस्प्लेमध्ये 'एनहान्स थिन लाइन्स' नावाची सेटिंग असते, ती बारीक रेघा पडद्यावर मुद्दाम जाड दाखवते. फाइलला हात लावण्याआधी ती बंद करा आणि ४०० टक्क्यांवर बघा.

टप्पा ६ : पाठवण्याआधीची पाच मिनिटं

पीडीएफ उघडा आणि शेजारी स्किमॅटिक ठेवा. पानं मोजा. प्रत्येक पानाची चारही टोकं बघा, चौकटीची रेघ चारही बाजूंनी पूर्ण आहे ना? कंट्रोल-एफ दाबून एखादा कंपोनंट शोधा, समजा आर१७. सापडला म्हणजे पीडीएफमध्ये शोधण्याजोगा मजकूर आहे आणि दुरुस्ती करणाऱ्याचा वेळ वाचेल. मग टर्मिनलचं पान घ्या आणि प्रत्येक पिन बोट ठेवून मोठ्याने वाचा: एक, आर फेज. दोन, वाय फेज. तीन, बी फेज. डोळे ओळी सोडतात, बोट सोडत नाही.

त्यानंतर तीच फाइल स्वतःच्या मोबाइलवर उघडा. समोरचा माणूस ती मोबाइलवरच बघणार आहे.

टप्पा ७ : पाठवणं आणि छापणं

व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. स्क्रीनशॉट काढून फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि पिन नंबर पुसट होतात.

झेरॉक्सच्या दुकानात नुसतं 'प्रिंट काढ' म्हणू नका. पेज सेटिंग 'अ‍ॅक्चुअल साइज' ठेवायला सांगा. ए४ ची पीडीएफ ए४ वर छापताना 'फिट' केलं तर ड्रॉइंग थोडं आक्रसतं, फार बिघडत नाही. पण ए३ ची फाइल 'अ‍ॅक्चुअल साइज'ने ए४ वर छापली तर कडा कापल्याच जातात. फाइल ए३ असेल आणि कागद ए४ असेल तर 'फिट'च हवं, आणि टप्पा १ मधला हिशोब केलेला हवा. मोठं ड्रॉइंग दोन-चार कागदांवर तोडून छापायचं असेल तर अडोबी रीडरमध्ये 'पोस्टर' आहे. अक्षरं गायब होत असतील तर अ‍ॅडव्हान्स्डमध्ये 'प्रिंट अ‍ॅज इमेज'वर टिक करा.

लेझर प्रिंटच घ्या. इंकजेटची शाई केळीच्या मळ्यातल्या दमटपणात आणि ओल्या बोटांनी पसरते. लॅमिनेशन करून घेतलं तर उत्तमच.

किकॅड नसेल तर

प्रोटिअसमध्ये 'एक्सपोर्ट ग्राफिक्स'मधल्या अडोबी पीडीएफचा रस्ता घ्या, प्रिंट नको. ऑरकॅड कॅप्चरमध्ये पीडीएफ एक्सपोर्टला घोस्टस्क्रिप्टसारखा कन्व्हर्टर लागतो. तो इन्स्टॉल नसेल किंवा त्याचा पत्ता चुकीचा दिलेला असेल तर एक्सपोर्ट अडतं. ड्रॉइंगमध्ये दोष शोधण्याआधी तो पत्ता तपासा. अल्टियममध्ये फाइल मेनूतलं 'स्मार्ट पीडीएफ' वापरा. ईझीईडीए ब्राउझरमध्ये चालत असेल आणि काहीच डाउनलोड होत नसेल तर ब्राउझरने पॉपअप अडवलाय का ते बघा. ईगलमध्ये पीडीएफ प्रिंटच्या खिडकीतूनच निघते. तिथे 'पेज लिमिट' १ ठेवलं नाही तर ड्रॉइंग चार पानांवर पसरतं. ईगल अजून वापरणाऱ्यांना आणखी एक सांगतो: ऑटोडेस्कने त्याच्यासाठी ७ जून २०२६ ही शेवटची तारीख जाहीर केलेली आहे. जुन्या सगळ्या बोर्डांच्या पीडीएफ काढून ठेवा आणि किकॅडमध्ये आयात करून घ्या.

टप्पा ८ : नाव आणि जुनी प्रत

किकॅड पीडीएफला प्रोजेक्टचंच नाव देतो, त्यामुळे प्रत्येक नवी प्रत जुनीवर चढते. पाठवण्याआधी नाव बदला आणि नावात रिव्हिजन व तारीख घाला. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरी' ही नावं बंद करा. पाठवलेली प्रत एका वेगळ्या फोल्डरमध्ये जशीच्या तशी ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका.

आणि वायरमनला नवा कागद देताना पॅनेलच्या दाराचा जुना कागद त्याच्याकडून काढून घ्या. मी आता फोनवरच सांगतो, नवा चिकटवल्याचा आणि जुना फाडल्याचा असे दोन फोटो पाठव. ते दोन्ही आल्याशिवाय मी काम झालं असं लिहीत नाही.